मुंबईच्या पोटात जंगल, जंगलात शंभर लेणी! पण ही दोन्ही टिकली कशामुळे?

बोरिवली स्टेशनला पूर्वेकडे उतरायचं, दहा-पंधरा मिनिटं चालायचं, हायवे ओलांडायचा आणि समोर नॅशनल पार्कचं गेट. जगातल्या फार कमी महानगरांना अशी चैन परवडते. लोकल ट्रेननं जंगलात जाता येतं आणि त्याच जंगलात जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी कोरायला घेतलेली लेणी बघता येतात.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्याच्या आतली कान्हेरी लेणी मुंबईकरांना नवीन नाहीत. शाळेची सहल तिथेच गेलेली असते, पहिल्या पावसातला सेल्फीही तिथलाच असतो. पण बहुतेक जण मोठी बुद्धमूर्ती बघतात, वर जाऊन वारा खातात, मक्याचं कणीस खातात आणि परत येतात.

एक साधा प्रश्न मात्र राहून जातो. एवढ्या गजबजलेल्या शहराच्या मधोमध १०० चौरस किलोमीटरपेक्षा जास्त जंगल उरलं कसं? आणि भिक्खूंनी राहण्यासाठी नेमका हाच डोंगर का निवडला?

या दोन्ही प्रश्नांच्या उत्तरात एक गोष्ट सारखी येते, ती म्हणजे पाणी. पाण्याचा धागा धरून गेलात तर हे ठिकाण एकदम वेगळं दिसायला लागतं. चला, सविस्तर बघूया.

आधी नकाशा समजून घेऊ

हे उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं आहे. एका बाजूला बोरिवली, मालाड, गोरेगाव, दुसऱ्या बाजूला मुलुंड, भांडुप आणि ठाण्याचं येऊर. उत्तरेला वसईच्या खाडीपलीकडे उद्यानाचाच एक तुकडा आहे, त्याला नागला ब्लॉक म्हणतात.

आज आपण ज्याला मुंबईची उपनगरं म्हणतो तो भाग पूर्वी साष्टी बेट म्हणून ओळखला जायचा. या बेटाच्या मधोमध डोंगररांग आहे. तिच्यातला जांभूळमाळ हा ४६८ मीटर उंचीचा भाग म्हणजे मुंबईतली सगळ्यात उंच जागा.

याच डोंगरांत कान्हेरी आहे. नाव आलंय 'कृष्णगिरी' किंवा 'कण्हगिरी' वरून. कृष्ण म्हणजे इथे काळा, म्हणजेच काळा डोंगर. लेण्यांतल्या जुन्या प्राकृत शिलालेखांत या डोंगराला 'कण्हसेल' म्हटलंय, त्याचाही अर्थ तोच. पुढे उद्यान झालं तेव्हा त्याचं सुरुवातीचं नावही 'कृष्णगिरी' वरूनच होतं. मग ते बोरिवली नॅशनल पार्क झालं आणि नंतर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान.

भिक्खू जंगलात राहायचे, पण जगापासून तुटलेले नव्हते

लेणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चित्र येतं ते संसार सोडून दूर रानात बसलेल्या साधूंचं. कान्हेरीच्या बाबतीत हे चित्र अर्धंच खरं आहे.

कान्हेरीच्या आसपासची ठिकाणं आठवा. उत्तरेला सोपारा, म्हणजे आजचं नालासोपारा. पूर्वेला कल्याण. दक्षिणेला चौल. ही त्या काळातली नावाजलेली बंदरं आणि बाजारपेठा. समुद्रातून येणारा माल इथे उतरायचा आणि नाणेघाटासारख्या घाटवाटांनी देशावर, जुन्नर आणि पैठणपर्यंत जायचा.

म्हणजे कान्हेरी बाजाराच्या गोंगाटापासून लांब होती, पण व्यापाऱ्यांच्या आवाक्यात होती. भिक्खूंना शांतता हवी होती आणि दानही हवं होतं. या डोंगरावर दोन्ही मिळत होतं.

दान कोणी दिलं हे आपल्याला नक्की कळतं, कारण देणाऱ्यांनी ते दगडात लिहून ठेवलंय. कान्हेरीत शंभरच्या आसपास शिलालेख आहेत. त्यांत सोपारा, कल्याण, नाशिक अशा गावांची नावं येतात. दान देणाऱ्यांत व्यापारी आहेत, सोनार आहेत, गृहस्थ आहेत, भिक्खुणी आहेत आणि बऱ्याच स्त्रिया आहेत.

आणखी एक मजेशीर गोष्ट. दान म्हणून फक्त गुहा कोरून देत नसत. काही जण 'अक्षयनीवी' ठेवायचे. म्हणजे मूळ रक्कम किंवा शेत तसंच ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही आणि त्याच्या उत्पन्नातून भिक्खूंना कपडे, पादत्राणं अशा गोष्टी द्यायच्या. आजच्या भाषेत सांगायचं तर फिक्स्ड डिपॉझिटच!

सगळ्यात मोठा प्रश्न होता पाण्याचा

आता मुद्द्यावर येऊ.

बौद्ध भिक्खूंमध्ये वर्षावासाची पद्धत आहे. वर्षभर फिरायचं, पण पावसाळ्यात एका जागी थांबायचं. कोकणातला पाऊस काय असतो हे वेगळं सांगायला नको. डोक्यावर पक्कं छप्पर हवंच. सुरुवातीला गुहा कोरल्या गेल्या त्यामागे ही गरज होती. पुढे इथे भिक्खू बारमाही राहू लागले.

पण कोकणात चार महिने पाण्याचा मारा आणि उरलेले आठ महिने डोंगर कोरडा ठणठणीत. शंभराहून जास्त गुहांमध्ये माणसं राहणार, तर एप्रिल-मे महिन्यात त्यांनी पाणी आणायचं कुठून?

याचं उत्तर कान्हेरीत जवळपास प्रत्येक गुहेच्या दारात आहे. आपण ते ओलांडून पुढे जातो, एवढंच.

गुहेच्या अंगणात एका बाजूला जमिनीत चौकोनी भोक दिसतं. वरून छोटं, पण आत मोठं टाकं कोरलेलं असतं. शिलालेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हटलंय. तोंड लहान ठेवल्यामुळे बाष्पीभवन कमी होतं, पालापाचोळा कमी पडतो आणि पाणी सावलीत, गार राहतं.

टाक्यात पाणी पोचवायची सोयही दगडातच केलीय. गुहांच्या वरच्या कातळावर बारीक चर आणि पन्हळी कोरल्या आहेत. डोंगरावर पडणारं पाणी वाटेल तसं गुहेत न घुसता या पन्हळींतून टाक्यांकडे वळतं. म्हणजे एकाच कोरीवकामातून दोन कामं झाली. गुहा कोरडी राहिली आणि टाकं भरलं.

याशिवाय दोन टेकड्यांच्या मधून जो ओढा वाहतो, त्यावर जुन्या बंधाऱ्याचे अवशेषही आहेत. मतलब स्पष्ट आहे. प्रत्येक गुहेचं स्वतःचं टाकं आणि सगळ्यांसाठी मिळून एक साठा, अशी दुहेरी व्यवस्था होती.

आज आपण 'रेनवॉटर हार्वेस्टिंग' म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये ज्यावर तासभर भांडतो, ते इथे दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नी-हातोड्यानं करून ठेवलंय.

आणि हो, ज्या शिलालेखांत 'पोढी' हा शब्द येतो, त्यांतच गुहेसाठी 'लेण' हा शब्द येतो. आपण आजही 'लेणं' आणि 'लेणी' म्हणतो. म्हणजे शब्द तोच, जागा तीच. दगड वाचायला शिकलो नसलो तरी त्यातला एक शब्द आपण रोज वापरतोय.

शंभर लेणी बघायची नसतील तर कोणती बघायची?

कान्हेरीत शंभराहून जास्त गुहा आहेत. एकाच डोंगरावर एवढ्या संख्येनं कोरलेल्या गुहा क्वचितच बघायला मिळतात. सगळ्या एका दिवसात बघणं अवघड आहे आणि तशी गरजही नाही. बाहेर नंबर दिलेले असतात, त्यामुळे शोधायला त्रास होत नाही. ही काही लेणी मात्र चुकवू नका.

लेणं क्र. १ : हे अर्धवट राहिलेलं आहे आणि म्हणूनच बघण्यासारखं आहे. समोर दोन भलेमोठे खांब, आत काम सोडून दिलेलं. लेणं बांधत नाहीत, डोंगरातून नको असलेला दगड काढून टाकत आत जातात, ही गोष्ट इथे डोळ्यांना दिसते.

लेणं क्र. ३ : हा कान्हेरीचा मुख्य चैत्य, म्हणजे प्रार्थनेची जागा. सुमारे २६ मीटर लांब, दोन्ही बाजूंनी खांबांच्या रांगा, शेवटी स्तूप. हे काम सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीचं. दान देणारे होते व्यापारी. कार्ल्याचं लेणं ज्यांनी बघितलंय त्यांना मांडणी लगेच ओळखीची वाटेल. व्हरांड्याच्या दोन टोकांना उभ्या असलेल्या सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती मात्र नंतरच्या आहेत. पहिल्या काळात बुद्ध मूर्तीच्या रूपात दाखवत नसत, स्तूपाची पूजा व्हायची. मूर्ती पुढे आल्या. एकाच लेण्यात हे दोन्ही काळ शेजारी-शेजारी उभे आहेत.

लेणं क्र. ११ : याला 'दरबार हॉल' म्हणतात, पण हा राजाचा दरबार नव्हे. आत जमिनीवर दोन लांब, बुटके दगडी बाक कोरलेत. समोरासमोर बसून पठण, चर्चा, शिकवणं यासाठी ही जागा वापरली जात असावी. इथे राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातला, नवव्या शतकातला शिलालेख आहे. त्यात दिलेल्या दानात पुस्तकांसाठीचा खर्चही धरलाय! त्याच काळातल्या दुसऱ्या एका शिलालेखात गौड देशातून, म्हणजे आजच्या बंगालकडून आलेल्या उपासकानं १०० द्रम्म दिल्याची नोंद आहे. एवढ्या लांबून माणसं इथे येत होती.

लेणं क्र. ३४ : मान वर करून छताकडे बघा. रंगवलेल्या बुद्धाकृतीचे अवशेष आहेत. आज काळपट दिसणाऱ्या या गुहांत एकेकाळी रंग होता, याचा हा पुरावा.

लेणं क्र. ४१ : इथे अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर आहे. तिबेट, नेपाळ, चीन, जपानमध्ये हे रूप भरपूर दिसतं, भारतात दगडात कोरलेलं फारच दुर्मीळ.

लेणं क्र. ८७ : हे खरं तर लांबच लांब आडवा कातळकडा आहे, ज्याखाली विटांच्या छोट्या स्तूपांचे अवशेष सापडले. निर्वाण पावलेल्या भिक्खूंची ही स्मृतिस्थानं. फारसं कोणी इथपर्यंत येत नाही. जमलं तर जा आणि आवाज कमी ठेवा.

लेणं क्र. ९० : एक हजार वर्षांपूर्वीचं 'आम्ही इथे आलो होतो'

या लेण्याबद्दल जरा जास्त बोलायला हवं.

आत अवलोकितेश्वराचं एक शिल्प आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना छोटे छोटे प्रसंग कोरलेत. प्रवासात येणारी संकटं आणि त्यांतून सोडवणारा बोधिसत्त्व, असा त्यांचा विषय. हत्ती, सिंह, साप, आग, चोर आणि बुडणारं जहाज! हा प्रवास विम्याच्या आधीचा काळ. समुद्रावर माल घेऊन जाणाऱ्या माणसाला कशाची भीती वाटायची, त्याची ही यादीच आहे.

पण याच लेण्यात एक आणखी भारी गोष्ट आहे. इथे पहलवी लिपीत कोरलेले लेख आहेत. पहलवी म्हणजे इस्लामपूर्व इराणमधली. हे लेख बौद्धांचे नाहीत, पारशांचे आहेत.

इसवी सन १००९ मध्ये पारशी मंडळींचा एक गट इथे आला. त्यांनी यज्दगर्द शकातली तारीख टाकली आणि आपली नावं लिहून ठेवली. लेख दोन वेगवेगळ्या दिवसांचे आहेत. नंतर १०२१ मध्ये आणखी एक गट आला, त्यानंही तेच केलं. पारशी समाज भारतात आल्यानंतरच्या पहिल्या काही शतकांबद्दल लिखित पुरावे फार कमी आहेत. त्यामुळे पर्यटकांची ही नावं इतिहासकारांसाठी मोलाची ठरली.

आता इथे एक वाकडा प्रश्न येणारच. त्यांनी नाव कोरलं तर तो इतिहास, मग आम्ही कोरलं तर गुन्हा का?

कारण अगदी साधं आहे. त्या काळात इथे येणारी माणसं मोजकी होती. आज सुट्टीच्या एका दिवशी इथे हजारो लोक येतात. प्रत्येकानं एक बदाम आणि दोन अक्षरं कोरली तर काही वर्षांत मूळ शिलालेखाची अक्षरंच वाचता येणार नाहीत. दगडावरचं एक अक्षर गेलं की ते कायमचं गेलं, त्याची दुसरी प्रत कुठेच नाही.

आणि कायदाही स्पष्ट आहे. कान्हेरी हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचं संरक्षित स्मारक आहे. स्मारकाचं नुकसान केलं किंवा ते विद्रूप केलं तर १९५८ च्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

लेणी ओस पडली, मग जंगल कसं वाचलं?

अकराव्या-बाराव्या शतकानंतर कान्हेरीचा संघ हळूहळू विस्कटला. बंदरं बदलली, दान आटलं, राजाश्रय गेला. पुढे पोर्तुगीज आले, त्यांनी या गुहांबद्दल लिहून ठेवलं. मग इंग्रज आले, त्यांनी गुहांना नंबर दिले, शिलालेखांचे ठसे घेतले.

या काळात मुंबई वाढत होती. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. शहरात माणसं येत होती, पण पाणी विहिरी आणि तलावांचं, तेही अपुरं. १८५० च्या दशकात टंचाई इतकी वाढली की सरकारला शहराबाहेर पाणी शोधावं लागलं.

नजर गेली ती साष्टीच्या याच डोंगरांकडे. मिठी नदीच्या वरच्या अंगाला विहार तलाव बांधला गेला आणि १८६० मध्ये मुंबईला पहिल्यांदा नळाचं पाणी मिळालं. ते पुरेना, म्हणून त्याच डोंगरांत वर तुळशी तलाव झाला, १८७९ मध्ये.

आता तलाव नुसता बांधून चालत नाही. ज्या डोंगरांवरून पाणी वाहत तलावात येतं, ते पाणलोट क्षेत्र स्वच्छ ठेवावं लागतं. तिथे वस्ती झाली, गुरं चरली, झाडं तुटली तर गाळ आणि घाण तलावात येणार. म्हणून हा परिसर राखून ठेवण्यात आला. आजूबाजूला गावांची उपनगरं झाली, शेतांच्या गिरण्या आणि गिरण्यांचे टॉवर झाले, पण तलावांभोवतीचं रान राहिलं. पुढे उद्यान उभं राहिलं ते याच पायावर.

म्हणजे बघा, भिक्खूंनी हा डोंगर पाणी साठवून राहण्याजोगा केला. कित्येक शतकांनी शहरानंही पाण्यासाठी तोच डोंगर धरला आणि त्या पाण्याच्या गरजेनं जंगल वाचवलं. जंगलानं मग लेण्यांनाही कवच दिलं.

आजही मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी हे दोन याच जंगलात आहेत. सातांत ते सगळ्यात छोटे, त्यामुळे एकूण पुरवठ्यात वाटा कमी आहे. पण दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये 'तुळशी भरला, विहार ओसंडून वाहू लागला' ही बातमी आपण वाचतो ती यांचीच. तुळशीचं जादा पाणी विहारमध्ये येतं आणि विहार भरला की मिठीत. दहिसर आणि पोईसर या नद्याही याच डोंगरांतून निघतात. उताराला झाडं असली की पावसाचं पाणी मुरत, थांबत खाली येतं. झाडं गेली तर तेच पाणी एकदम शहरात उतरतं. २६ जुलै २००५ ज्यांनी बघितलाय त्यांना याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

बिबट्या : घाबरायचं की नाही?

या जंगलाचा खरा मालक बिबट्या आहे. उद्यान आणि लगतचा परिसर धरून झालेल्या गेल्या काही वर्षांतल्या कॅमेरा ट्रॅप सर्वेक्षणांत पन्नासच्या आसपास बिबटे नोंदवले गेलेत. महानगराला एवढं खेटून एवढे बिबटे जगात क्वचितच कुठे राहतात.

इतिहास सरळ नाही. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला बिबट्यांचे हल्ले वाढले होते आणि २००४ हे साल त्यात फार वाईट गेलं. त्यानंतर वनविभाग, अभ्यासक आणि जंगलाच्या कडेला राहणारे नागरिक एकत्र आले. त्यातून जे कळलं ते थोडक्यात असं : बिबट्याला पकडून दुसरीकडे सोडणं हा उपाय नाही, त्यानं प्रश्न वाढू शकतो. उघड्यावर कचरा पडला की भटकी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. म्हणजे बिबट्या वस्तीत येऊ नये असं वाटत असेल तर सुरुवात कचऱ्यापासून करावी लागते.

उद्यानात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या वारली लोकांना हे शेजारपण नवीन नाही. ते वाघोबाला देव मानतात. वाघ आणि बिबट्या दोघंही त्यात आले. त्याला मान द्यायचा, त्याच्या वाटेत जायचं नाही, असा हा जुना करार आहे.

तुम्ही दिवसा, मुख्य रस्त्यानं लेण्यांकडे जाणार असाल तर बिबट्या दिसण्याची शक्यता अगदीच कमी. तरीही काही गोष्टी लक्षात ठेवा. पहाटे आणि संध्याकाळी एकट्यानं आडवाटेला जाऊ नका. लहान मुलांना पुढे पळू देऊ नका. समजा दिसलाच तर पाठ फिरवून पळू नका, खाली वाकू नका, उभं राहून हळूहळू मागे सरका. आणि रील काढायला त्याच्या मागे तर अजिबात जाऊ नका.

जायचं कसं, चालायचं कुठे?

मुख्य गेट बोरिवली पूर्वेला. गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. आतून बसची सोय असते, भाड्यानं सायकलही मिळते. सायकल घेणार असाल तर शेवटचा चढ दमवतो, हे आधीच सांगून ठेवतो. खासगी गाड्या आत सोडण्याबाबतचे नियम आणि तिकिटांचे दर बदलत असतात, ते निघायच्या आधी तपासा.

सोमवारी उद्यान बंद असतं. या एका कारणासाठी गेटवरून परत फिरणारे दर आठवड्याला भेटतात.

तिकिटं दोन लागतात. गेटवर वनविभागाचं आणि लेण्यांपाशी पुरातत्त्व विभागाचं. लेण्यांसाठी १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

पायवाटांसाठी परवानगी लागते. डांबरी रस्ता आणि लेण्यांच्या पायऱ्या सोडून जंगलात मनानं शिरता येत नाही. शिलोंडासारखी ओढ्याकाठची, फुलपाखरांसाठी प्रसिद्ध असलेली वाट असो की जांभूळमाळ, तिथे वनविभागाच्या निसर्ग माहिती केंद्राकडून परवानगी घेऊन, माहितगारासोबतच जायचं. ठाण्याकडच्या येऊर बाजूलाही हेच. परवानगीशिवाय शिरणं हा वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे.

कधी जायचं? ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आरामात चालण्याचा काळ. पन्हळी आणि टाक्यांची करामत बघायची असेल तर मात्र पावसाळ्यातच जा. कोरडे वाटणारे चर तेव्हा खरोखर वाहताना दिसतात. फक्त ओढ्यात उतरू नका. वर डोंगरात पाऊस झाला की खाली काही मिनिटांत पाणी चढतं आणि पलीकडे गेलेले लोक अडकतात. असं याआधी अनेकदा झालंय. शेवाळलेल्या पायऱ्यांवर चांगल्या पकडीचे बूट हवेतच.

कारवी : उद्यानाच्या उतारांवर कारवीची झुडपं आहेत. ती साधारण आठ वर्षांतून एकदा सगळी मिळून फुलतात. २०१६ आणि २०२४ मध्ये जांभळे डोंगर बघितले असतील तर पुढचा हिशोब २०३२ चा. चुकला असाल तर आत्ताच कॅलेंडरमध्ये टाका.

सोबत काय? पाण्याची स्टीलची बाटली, कोरडा खाऊ, टोपी आणि लेण्यांच्या आतलं बघायला छोटी बॅटरी. प्लास्टिक नको. माकडांना खायला देऊ नका, ती पुढच्या माणसाच्या हातातून पिशवी ओढतात ती याच सवयीमुळे. आणि बौद्ध बांधवांसाठी ही श्रद्धेची जागा आहे. स्तूपावर चढून किंवा मूर्तीच्या मांडीवर बसून फोटो काढू नका.

आता पुढे काय?

उद्यानाच्या हद्दीवर शहराचा दाब कायम आहे. अतिक्रमणांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला, १९९७ मध्ये ती हटवण्याचे आदेश निघाले, पण पुनर्वसनाचं काम अनेक वर्षं रेंगाळलं. आता ठाणे-बोरिवली आणि गोरेगाव-मुलुंड जोडण्यासाठी डोंगराच्या पोटातून बोगद्यांचे प्रकल्प हाती घेतलेत. प्रवासाचा वेळ वाचणार हे खरं, पण डोंगराखालून जाताना वरच्या झऱ्यांचं आणि पाण्याचं काय होईल, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. त्यावर मत बनवण्याआधी हे जंगल आपल्याला नेमकं काय देतं, ते तरी माहीत हवं.

पुढच्या वेळी कान्हेरीला गेलात की ३ नंबरच्या बुद्धाला भेटा, मग कुठल्याही एका साध्या, बिनशिल्पाच्या गुहेच्या दारात थांबा. बाजूला जमिनीत चौकोनी तोंड शोधा. वर कातळाकडे बघून पाणी कुठून यायचं तो चर शोधा. सोबत लहान मुलं असतील तर त्यांनाच शोधायला लावा, मोठ्यांपेक्षा लवकर सापडतो त्यांना.

आणि उन्हाळ्यात गेलात तर एखाद्या टाक्यात डोकावून बघा. खाली अजूनही पाणी दिसेल. त्यात बाटली टाकू नका, तेवढं केलंत तरी पुरे.